पोट दुखते म्हणणारे मूल आणि त्याच्याभोवतीची माणसे

आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेत सकाळच्या परिपाठानंतर अर्ध्या तासाने जाऊन बसावे. एखादे तरी मूल पोट धरून वाकलेले दिसते. "बाई, पोट दुखून राह्यलं," एवढेच ते सांगते. बाई त्याला पाणी देतात, कोपऱ्यात निजवतात, नाहीच थांबले तर भावंडाबरोबर घरी पाठवतात. दुसऱ्या दिवशी तेच मूल हसत-खेळत येते, आणि आठवड्याने पुन्हा तीच तक्रार. असे चार-पाच वेळा झाले की वर्गात त्याला नाव पडते. कुणी 'नाटक्या' म्हणतो, कुणी 'शाळाचोर'. प्रस्तुत लेख या मुलांविषयी आहे.

संस्थेच्या आरोग्य समितीचे काम करताना गेल्या काही वर्षांत आम्ही अशा अनेक मुलांच्या आईवडिलांबरोबर भंडारा आणि नागपूरच्या फेऱ्या केल्या. आम्ही डॉक्टर नाही. डॉक्टरांना विचारून, काही वाचून आणि बरेचसे डोळ्यांनी पाहून जे समजले, ते सभासदांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवावे एवढाच हेतू आहे. दोन मुलांची हकीकत आधी सांगतो. त्यांची नावे-गावे सांगणार नाही. ती सांगण्याची गरजही नाही.

पहिला मुलगा बारा वर्षांचा. महिन्यातून एक-दोनदा त्याचे पोट असे दुखे की तो जमिनीवर लोळे. कधी पोटाबरोबर पायही दुखत. आजीचे निदान ठरलेले : बेंबी सरकली. मग तेल लावून पोट चोळणे, बेंबीवर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घालणे. वडिलांचे म्हणणे, परीक्षा जवळ आली की याचे पोट दुखते. ते अगदीच खोटे नव्हते, कारण परीक्षा पावसाळ्याच्या आणि थंडीच्या सुमारास येत आणि दुखणेही तेव्हाच वाढे. एका दवाखान्यात त्याला जंताचे औषध मिळाले, दुसऱ्यात आम्लपित्ताचे. तिसऱ्या ठिकाणी सोनोग्राफी करून 'काही नाही' म्हणून परत पाठवले. त्या 'काही नाही'चा घरी अर्थ झाला तो असा, की पोरगा खोटे बोलतो. त्याने मारही खाल्ला.

दुसरी मुलगी नऊ वर्षांची. तिचे अगदी उलट. शाळेतील रक्ततपासणीत तिचा सिकलसेलचा प्राथमिक अहवाल 'पॉझिटिव्ह' आला होता. तेव्हापासून तिच्या पोटात दुखले की घरच्यांचे आणि डॉक्टरांचेही एकच उत्तर, 'सिकलसेलचे आहे, दुखणारच.' तिला खेळू देत नसत, पावसात जाऊ देत नसत. दीड वर्षात ती निम्म्याहून अधिक दिवस शाळेत गेली नव्हती. तिच्या आईजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत पाच दवाखान्यांचे कागद होते. आम्ही पाहिले तेव्हा त्या पाच कागदांपैकी एकावरही आधीच्या कागदाचा उल्लेख नव्हता.

गावच्या उपकेंद्रातील सिस्टरने एके दिवशी ती सगळी पिशवी ओट्यावर रिकामी केली, कागद तारखेप्रमाणे लावले आणि सुरुवातीपासून वाचत गेल्या. तेव्हा लक्षात आले की प्राथमिक चाचणी झाली, पण पुढची पक्की तपासणी कुणीच केली नव्हती. प्रत्येकाला वाटले होते, दुसऱ्याने केली असेल. ती तपासणी झाली आणि मुलगी सिकलसेल ग्रस्त नसून नुसती वाहक निघाली. म्हणजे तिचे पोट सिकलसेलमुळे दुखत नव्हते. त्याच काळात पहिल्या मुलाचीही तपासणी झाली. ज्याला सारे गाव नाटक्या म्हणत होते, तो सिकलसेल ग्रस्त निघाला.

एकाला रोग असून खोटा ठरवले, दुसरीला रोग नसून रोगी ठरवले. दोन्ही वेळी औषधे कमी पडली नव्हती, डॉक्टरही कमी पडले नव्हते. कमी पडले ते या सगळ्यांचे एकमेकांशी बोलणे.

मुलांच्या पोटदुखीचा पद्धतशीर अभ्यास प्रथम इंग्लंडात झाला. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲपली आणि त्यांच्या सहकारी नोरा नेश यांनी १००० शाळकरी मुलांची पाहणी करून ती १९५८ साली प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीन वेळा, आणि रोजचे व्यवहार अडतील इतके पोट दुखणे, अशी व्याख्या त्यांनी धरली होती. दर दहा मुलांमागे साधारण एका मुलाला असा त्रास होता. त्यांतील बहुतेकांच्या पोटात जखम, गाठ, सूज असे काही सापडत नव्हते. तरी दुखणे खरे होते. ॲपलींचे एक निरीक्षण आजही डॉक्टर सांगतात : दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितका एखादा दडलेला आजार असण्याचा संभव अधिक.

योगायोग असा, की त्याच १९५८ साली नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. या दोन निबंधांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण भंडाऱ्यातील मुलाच्या पोटदुखीचा विचार करायचा तर दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावे लागतात. ब्रिस्टलचे डॉक्टर ज्या निश्चिंतपणे 'बहुतेकांना काही नसते' म्हणू शकत होते, तितक्या निश्चिंतपणे आपल्याला म्हणता येत नाही. विदर्भात आदिवासी समाजात आणि आपल्या समाजातही सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. म्हणून या भागात पोट वारंवार दुखणाऱ्या प्रत्येक मुलाची सिकलसेलची तपासणी एकदा, आणि एकदाच पण पक्की, झालीच पाहिजे असे आमचे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थी वाचकांसाठी याचा खुलासा थोडक्यात करतो. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचिक असतात, बारीकशा रक्तवाहिनीतूनही घसरत निघून जातात. सिकलसेल ग्रस्त माणसाच्या पेशीतील हिमोग्लोबिनमध्ये आनुवंशिक फरक असतो. प्राणवायू कमी पडला की अशा पेशी धान कापायच्या विळ्यासारख्या वाकतात आणि कडक होतात. मग त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. त्या ठिकाणी कळ उठते. ती हाडांत उठते तशी पोटातही उठते. पाणी कमी पिणे, थंडी, भिजणे, ताप, अतिश्रम यांनी ती वाढते. आपल्या त्या मुलाची परीक्षा आणि पोटदुखी यांचा मेळ इथे होता. याशिवाय या मुलांना लहान वयातच पित्ताशयात खडे होऊ शकतात, आणि अगदी लहान मुलांत प्लीहा एकाएकी फुगून रक्त तिच्यात साठू शकते. मूल अचानक पांढरेफटक पडले आणि डाव्या बरगडीखाली गोळा हाताला लागला, तर एक तासही घरी थांबू नये. ही प्लीहा हाताने कशी चाचपावी, हे सिकलसेल ग्रस्त मुलाच्या आईला शिकवता येते आणि शिकवलेच पाहिजे.

आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही दोष आले तर मूल ग्रस्त, म्हणजे 'एसएस' होते. एकच आला तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाला बहुधा काहीच त्रास होत नाही. प्राथमिक चाचणी, जिला द्राव्यता चाचणी म्हणतात, ती दोघांतही पॉझिटिव्ह येते. त्यांतील फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीनेच कळतो. त्या मुलीच्या बाबतीत हाच घोटाळा झाला. आई-वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त होण्याचा संभव चारात एक असतो. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांत शिक्षण, नोकरी, उंची हे सारे फॉर्मवर लिहिले जाते आणि रक्ताचा हा एक रकाना बहुधा कोरा राहतो, हे येथे नमूद केल्याशिवाय राहवत नाही. यात लाज वाटण्याचे कारण नाही. वाहक असणाऱ्यांना हिवतापापासून बऱ्याच प्रमाणात संरक्षण मिळते, हे ॲलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे हा गुण टिकून राहिला, इतकाच त्याचा अर्थ. कुणाच्या कर्माचा वा कुळाचा त्याच्याशी संबंध नाही.

आता मुलीकडे वळू. सिकलसेलचा प्रश्न मिटला, पण तिचे पोट दुखायचे थांबले नव्हते. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे दुखणे खोटे, हा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही आहे. खरे काय आहे ते समजून घेण्यासारखे आहे.

आपल्या आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचे एक जाळे असते. ते मेंदूशी सतत बोलत असते, आणि मेंदू त्याच्याशी. एरवी आतड्यातून वायू सरकला, अन्न पुढे गेले, तर त्याची वर्दी आपल्याला लागत नाही. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले की वेदनेच्या वाटेवर, पाठीच्या कण्यात, जणू एक दरवाजा असतो. तो उघडा किती ठेवायचा हे खालून येणाऱ्या संदेशांवर तसेच मेंदूकडून येणाऱ्या हुकमांवरही ठरते. आपल्या जिल्ह्यातील वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. गोसीखुर्दला ३३ दरवाजे आहेत. वैनगंगेला पाणी किती आले यावरच पवनीच्या खाली किती पाणी जाईल हे ठरत नाही, किती दरवाजे किती उचलले यावरही ठरते. भीती, अपुरी झोप, घरातील भांडण, शाळेतील अपमान, किंवा पोटाच्या एखाद्या मोठ्या आजारानंतर राहिलेला हळवेपणा यांनी मुलाचे हे दरवाजे उघडेच राहतात. मग नेहमीचा वायू, नेहमीची हालचालही त्याला कळ म्हणून जाणवते. ही कळ तितकीच खरी असते, जितकी मार लागल्याची. मूल ढोंग करत नाही. त्याच्या पोटात 'काही नाही' असे म्हणण्यापेक्षा, त्याच्या पोटाची जाणीव तीव्र झाली आहे असे म्हणणे शास्त्राला धरून आहे. २०१६ पासून जे 'रोम-४' निकष जगभर वापरात आहेत, त्यांत अशा दुखण्यांना आतडे आणि मेंदू यांच्यातील परस्परक्रियेचे विकार असेच म्हटले आहे.

मुलीच्या बाबतीत याला आणखी एक जोड होती, आणि ती कोणत्याही यंत्राने सापडली नसती. ती सापडली आशाताईंना, शाळेच्या आवारात. मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. मुलगी सकाळी घाईत घरून निघायची. आई रोवणीच्या दिवसांत पहाटेच बांधीवर गेलेली, त्यामुळे पोटात चहा आणि टोस्ट, एवढेच. शाळेत संडासला जायचे नाही म्हणून ती पाणीही पीत नसे. दुपारी पोट गच्च. तीन-तीन, चार-चार दिवस शौचाला होत नसे, आणि झाले तर इतके दुखे की ती पुढच्या वेळी आणखी रोखून धरी. कुणाही डॉक्टरने तिला 'रोज होते का?' असे विचारले तर ती मान हलवून 'हो' म्हणे. लाजेने. हे तिने पहिल्यांदा आशाताईंना सांगितले, तेही हातपंपावर, दोघीच असताना.

महावग्गात एका भिक्खूची कथा आहे. त्याला पोटाचाच आजार झाला होता, आणि तो आपल्याच मळमूत्रात पडून होता. त्याच्या जवळ कुणी नव्हते. बुद्ध आणि आनंद यांनी मिळून त्याला आंघोळ घातली, एकाने डोक्याकडून आणि एकाने पायाकडून धरून त्याला खाटेवर निजवले, आणि मग भगवंतांनी संघाला विचारले, की याची सेवा का झाली नाही. त्याच ठिकाणी पुढे रोग्याची शुश्रूषा कोणत्या कारणांनी अवघड होते हे सांगितले आहे. त्यांतील एक कारण म्हणजे रोगी आपले दुखणे, ते वाढते आहे की उतरते आहे, जसेच्या तसे सांगत नाही. मोठ्या भिक्खूंनाही जे जमत नसे, ते नऊ वर्षांच्या मुलीकडून दवाखान्यातील दोन मिनिटांत अपेक्षिणे कितपत योग्य, असा विचार आमच्या मनात आला. ती बोलली ती तिला जिची भीती वाटत नव्हती तिच्याशी. म्हणून उपचार करणाऱ्यांत डॉक्टरच्या बरोबरीने अशी एक व्यक्ती असणे ही सोय नाही, ती गरज आहे.

दीर्घकाळच्या वेदनेवर अनेक शाखांच्या जाणकारांनी एकत्र बसून उपचार करावा, ही कल्पना अमेरिकेतील डॉक्टर जॉन बोनिका यांनी रुजवली. ते भूलतज्ज्ञ होते, आणि गंमत म्हणजे शिक्षणाच्या काळात पोटासाठी कुस्त्याही खेळत; त्या कुस्त्यांनी त्यांच्या स्वतःच्या अंगात आयुष्यभराची दुखणी ठेवली. १९६० च्या सुमारास सिएटलच्या विद्यापीठात त्यांनी वेदनेसाठी असा एकत्रित विभाग सुरू केला. १९७७ साली जॉर्ज एंगल यांनी आजार हा शरीर, मन आणि समाज या तिन्हींचा मिळून पाहावा असे आग्रहाने मांडले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये मुलांच्या दीर्घकालीन वेदनेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत हाच विचार स्वीकारला आहे : हालचाल व व्यायाम, मानसिक उपचार आणि औषध, यांतील त्या मुलाला जे लागेल ते, घरच्यांना बरोबर घेऊन.

मोठ्या शहरांत यासाठी बालरोगतज्ज्ञ, पोटविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, आहारतज्ज्ञ आणि परिचारिका एकाच दालनात भेटतात. आपल्याकडे असे दालन नाही म्हणून हळहळत बसण्याचे कारण नाही. माणसे आहेत; ती विखुरलेली आहेत. गावात आशा आणि अंगणवाडी सेविका, उपकेंद्रात आरोग्य सेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी, भंडाऱ्याला जिल्हा रुग्णालय, आणि त्यापुढे सुमारे ६० किलोमीटरवर नागपूरची शासकीय महाविद्यालये. त्याशिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके आहेत. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. प्रत्येक पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असावा, त्यांनी अंगणवाडीला वर्षातून दोनदा आणि शाळेला एकदा भेट द्यावी, अशी त्याची रचना. सुरुवातीला ठरलेल्या त्यांच्या ३० आजारांच्या यादीत सिकलसेल आहे. पण 'पोट वारंवार दुखते' असा रकाना नाही. आणि ज्याला रकाना नाही ते मूल पथकापुढे उभे राहून, वजन-उंची मोजून, 'पुढचा' म्हणेपर्यंत निघून जाते. त्या दिवशी त्याचे पोट दुखत नसते! म्हणून शिक्षकांनी आधीच अशा मुलांची नावे काढून ठेवावीत आणि पथक आल्यावर ती स्वतः पुढे करावीत. यासाठी कुणाच्या परवानगीची वा निधीची गरज नाही.

आम्ही त्या मुलीच्या वेळी केले ते एवढेच. एक शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर सगळ्या जुन्या तपासण्यांचा सारांश सिस्टरने लिहिला. पुढे रोज एक ओळ : किती वाजता दुखले, किती वेळ, कुठे, काय खाल्ले होते, शौचास झाले का, शाळेत गेली का, रात्री झोप लागली का. मुलीने स्वतः लिहायचे. दुखण्याला शून्य ते दहा गुण तिनेच द्यायचे. डॉक्टर, बाई, आशाताई, जो कुणी काही सांगेल त्याने ते याच वहीत लिहायचे. वही सांभाळायची जबाबदारी सिस्टरकडे, आणि दर महिन्याच्या लसीकरणाच्या दिवशी, गर्दी ओसरल्यावर, आई, बाई, आशाताई आणि सिस्टर यांनी दहा मिनिटे वही घेऊन बसायचे. 'टीम' म्हणून ज्याचा बडेजाव करतात ते आमच्याकडे या दहा मिनिटांचे नाव होते. कोणाचे काम काय हे त्यातच ठरत गेले.

बाईंनी दोन गोष्टी केल्या. सरपंचांच्या मागे लागून संडासाला कडी बसवून घेतली. याला औषधाच्या तिप्पट वेळ लागला. दुसरी गोष्ट म्हणजे पोट दुखले की घरी पाठवणे बंद केले. घरी पाठवले की त्या वेळी बरे वाटते, पण शाळेत पुन्हा येण्याची भीती मात्र वाढत जाते. मुलीने मागे बसावे, वाटल्यास आडवे व्हावे, पण शाळेतच थांबावे, असे ठरले. सुरुवातीला मधल्या सुट्टीपर्यंतच, पुढे पूर्ण वेळ. त्या शाळेत शासनाच्या 'मित्र' उपक्रमातील आनापानाचा सराव एकदा शिकवलेला होता, पण बंद पडला होता. बाईंनी सगळ्या वर्गासाठी तो पुन्हा सुरू केला. शांत बसून श्वासाकडे लक्ष दिल्याने अंगाचा ताण सैल होतो आणि असे सराव या दुखण्यात उपयोगी पडतात, असे डॉक्टरांनीही सांगितले. मात्र ते औषधाऐवजी नव्हे, औषधाबरोबर.

आईचे काम सर्वांत अवघड. रोज सकाळी 'आज दुखते का?' हे विचारणे तिने सोडायचे होते. मायेने विचारलेला हा प्रश्न मुलाचे लक्ष पुन्हा पोटाकडेच नेतो. तिला ते पटायला महिना लागला. "मी नाही विचारायचं तर कोण विचारंल?" असे ती म्हणाली आणि रडली. सिस्टरने तिला समजावले, की मुलगी स्वतः सांगेल तेव्हा नीट ऐकून घ्या, जवळ घ्या, पण खोदून विचारू नका. आणि शाळेतून आल्यावर पोटाबद्दल नव्हे, मैत्रिणींबद्दल विचारा. रात्रीचे वरण-भात सकाळी गरम करून देणे, जेवणानंतर दहा मिनिटे शांतपणे शौचास बसवणे, आणि पाण्याची बाटली. शौच मऊ करणारे औषध प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी दिले, पण चार दिवसांत बंद करू नका, काही महिने लागेल, हे त्यांनी बजावून सांगितले. बहुतेक घरी इथेच चूक होते. दोनदा साफ झाले की बाटली फळीवर जाते.

मुलाच्या मनात काय चालले आहे हे विचारणाराही कुणी हवा. दहा वर्षांवरील मुलांसाठी शासकीय रुग्णालयांतून किशोरवयीनांचे समुपदेशन होते. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर, जो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीतही विनामूल्य बोलता येते. येथे एक गोष्ट जड मनाने लिहावी लागते. मूल एखाद्या ठराविक घरी, ठराविक माणसाजवळ किंवा ठराविक वाटेने जायचे म्हटले की पोट धरत असेल, तर कुणी त्याला त्रास देत नाही ना, हे एकांतात व हळुवारपणे पाहावे. त्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे.

आणि ही खूणगाठ प्रत्येक आईने व शिक्षकाने बांधून ठेवावी. वजन घटत असेल वा उंची वाढायची थांबली असेल; ताप हटत नसेल; शौचातून रक्त किंवा हिरवी उलटी पडत असेल; दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल; दुखणे बेंबीपासून दूर एकाच जागी, विशेषतः उजवीकडे खाली, ठाण मांडून असेल; डोळे पिवळे झाले असतील, लघवीला जळजळ असेल, किंवा घरात कुणाला क्षयरोग झालेला असेल, तर वही-बिही बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. जंताच्या गोळीबद्दल इतकेच, की शाळेत ती ठराविक दिवशी मिळते तेव्हा घ्यावी; दर पोटदुखीला दुकानातून आणून देऊ नये. वेदनाशामक गोळ्यांचेही तेच. सिकलसेल ग्रस्त मुलाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या देऊच नयेत, कारण त्यांतील काही मूत्रपिंडाला बाधतात. डाग देणे, बिब्बा घालणे हे प्रकार आता पुष्कळ कमी झाले असले तरी संपलेले नाहीत. पोटावर त्याचे व्रण असलेले मूल आम्ही पाहिले आहे.

पहिल्या मुलाची वहीही अशीच सुरू केली. फक्त तिच्यातील मजकूर निराळा. फॉलिक ॲसिड, डॉक्टरांनी नागपूरहून सुरू केलेले हायड्रॉक्सियुरिया, दर ठराविक दिवसांनी रक्ततपासणी, पाणी किती प्यायले, थंडीत स्वेटर घातला का. त्यालाही बाईंचे, आईचे, समुपदेशकाचे साहाय्य तितकेच लागले. रोग सापडला म्हणजे मनाचा प्रश्न सुटला असे होत नाही. आपण खोटारडे नव्हतो हे कळल्यावर तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. वडिलांनी मारल्याचे त्याच्या मनात होते, आणि वडिलांच्याही. दोघांना समोरासमोर बसवायला समुपदेशकाला तीन भेटी लागल्या. सिकलसेल आजाराचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात झाला आहे, शालांत परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ मिळतो, एस.टी. प्रवासात सवलत आहे, हे त्याच्या वडिलांना वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिले. त्यांसाठी लागणारी प्रमाणपत्रे जिल्हा रुग्णालयातून घ्यावी लागतात, आणि परीक्षेचा अर्ज भरण्याच्या आधी घ्यावी लागतात. दहावीच्या वर्षी धावपळ नको म्हणून त्यांनी ती दोन वर्षे आधीच काढून ठेवली.

मुलीची वही आमच्याजवळ नाही, तिच्याजवळच आहे. तिची आई परवा भेटली तेव्हा आम्ही चौकशी केली. पोट अजून कधी कधी दुखते, महिन्यातून एखाद्या वेळी, गुण तीन नाहीतर चार. वहीत ओळ लिहायला मुलगी आता कंटाळा करते. मागच्या कोऱ्या पानांवर तिने लंगडीच्या संघाची नावे लिहिली आहेत.